सफरनाम्यातून हरवलेला थकवा

हज किंवा उमरा करून कुणी परत आले की आमच्या खेडमध्ये (राजगुरुनगर हे नाव पाटीवर आहे, घरात अजून खेडच) त्या घरी आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्यांची रीघ लागते. बैठकीत पुरुष बसतात. खजूर आणि छोट्या पेल्यातून जमजम दिले जाते. पाहुणा विचारतो, "हाजी साहब, कैसा रहा सफर?" हाजी साहेब मान खाली घालून म्हणतात, "अल्हम्दुलिल्लाह, बहुत अच्छा रहा." मग हरम किती मोठे झाले आहे, घड्याळाचा मनोरा किती दुरून दिसतो, मदिनेत मन कसे शांत होते, हे सांगून होते. पाहुणा "माशाअल्लाह" म्हणतो, दुआची विनंती करतो आणि उठतो.

त्याच वेळी आत स्वयंपाकघरात दुसराच सफरनामा चाललेला असतो. तिथे हज्जन बी पाटावर पाय लांब करून बसलेल्या असतात आणि भोवती शेजारणी, सुना, भाच्या. "पैर ऐसे सूजे थे के चप्पल में नई जाते थे." "बस की राह देखते देखते फजर हो गई." "एक बंगाली बाई ने अपनी चादर उढ़ाई मेरेकू. उसकी बात एक समझी नई, पर नींद ऐसी लगी के क्या बोलूं." हे ऐकताना बायका हसतात, डोळे पुसतात, आणखी विचारतात. बैठकीतला सफर पाच मिनिटांत संपतो. स्वयंपाकघरातला आठ दिवस पुरतो.

प्रस्तुत लेखात आम्हाला मांडायचे आहे ते एवढेच की, आपल्या लेखनात बैठकीतला सफरनामा आला आणि स्वयंपाकघरातला बाहेर राहिला. लांबच्या सफरीतला थकवा, रांगा, जागरण, सामानाचे ओझे, आणि त्या थकव्याच्या पोटात सापडणारी लहान लहान सुखे, म्हणजे एखादा कप चहा, वजूचे थंड पाणी, अनोळखी माणसाने सरकवलेली चादर, या गोष्टी लिहिण्याजोग्या नाहीत असे आपण धरून चाललो आहोत. यात आपल्या साहित्याचे नुकसान झाले आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम मराठी प्रवासवर्णनाची परंपरा पाहू. या परंपरेच्या आरंभीच एक थकलेला माणूस उभा आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवण्यासाठी उत्तरेकडे निघाले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली प्रसिद्ध झाला. इतिहासाचे अभ्यासक हे पुस्तक झाशीसाठी वाचतात. आम्हाला मात्र त्यातले चालणारे पाय महत्त्वाचे वाटतात. भूक आहे, लूट आहे, जिवाची भीती आहे, आणि शेवटी आईवडिलांना स्नान घालण्यासाठी खांद्यावर गंगेची कावड घेऊन केलेली परतीची पायपीट आहे. मिळवलेला पैसा वाटेत गेला, कावड मात्र घरी पोहोचली. जमजमचा पाच लिटरचा कॅन जिवापाड जपत आणणाऱ्या कोणाही हाजीला त्या कावडीचे वजन समजावून सांगावे लागणार नाही. गोडसे भटजींना आपण साहित्य लिहितो आहोत याची जाणीव नव्हती. कदाचित म्हणूनच थकवा लपवावा असे त्यांना वाटले नाही.

पुढे प्रवासवर्णन हा मान्यताप्राप्त वाङ्मयप्रकार झाला आणि चित्र बदलले. अनंत काणेकरांच्या 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०) या पुस्तकापासून मराठी प्रवासवर्णनाला आधुनिक वळण मिळाले, असे समीक्षक मानतात आणि ते योग्यच आहे. माहितीच्या जंत्रीऐवजी लेखकाचे मन पानावर आले. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'ने (१९६०) मध्यमवर्गीय मराठी माणसाला परदेश आपल्या अंगणात आणून दिला. निघण्यापूर्वीची तयारी, सल्ला देणाऱ्यांचा उत्साह, आपला बावळटपणा, हे सारे पुलंनी असे रंगवले की गैरसोयसुद्धा हवीहवीशी वाटावी. पण येथेच एक बारीक मुद्दा आहे. विनोदाने थकवा सुसह्य होतो हे खरे, परंतु विनोद त्याला लगेच निरोपही देतो. वाचक हसला की दुखणारा पाय विसरला जातो. मीना प्रभु यांनी 'तुर्कनामा', 'इजिप्तायन', 'गाथा इराणी' अशा पुस्तकांतून मराठी वाचकाला मुस्लिम देशांत हिंडवून आणले, याबद्दल आपण त्यांचे ऋणी असले पाहिजे. त्यांच्याकडे अडचणी येतात, पण त्या पार करून पुढचे स्थळ गाठण्यासाठी येतात. हा उत्साही प्रवाशाचा प्रवास आहे. त्याला मनात येईल तेव्हा तिकीट काढता येते आणि मनात येईल तेव्हा थांबता येते. ज्याने आयुष्यभर पैसे साठवून एकदाच तिकीट काढले, किंवा ज्याला पोटासाठी ते काढावे लागले, त्याचा प्रवास येथे भेटत नाही. हा या लेखकांचा दोष नाही. त्यांनी आपले लिहिले, आपण आपले लिहिले नाही.

मराठीत थकव्याला मान देणारे प्रवासलेखन नाही असे मात्र कुणी समजू नये. ते आहे आणि ते आमच्याच तालुक्यातून निघालेल्या वाटेवरचे आहे. आळंदी खेड तालुक्यात येते. माउलींची पालखी तेथून निघते, आणि पंढरपूरपर्यंतची सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट माणसे पायी चालतात. इरावती कर्वे यांनी 'परिपूर्ती'तील 'वाटचाल' या लेखात ही वाट लिहिली. दि. बा. मोकाशी १९६१ साली वारीबरोबर चालले आणि १९६४ साली त्यांचे 'पालखी' आले. मोकाशी नास्तिकाच्या तोऱ्याने चालत नाहीत, आणि भक्तीचे सोंगही आणत नाहीत. ते चालतात, दमतात, कुठे झोपायला मिळेल याची काळजी करतात, सोबतच्या माणसांना विचारतात, ऐकतात. दमणे हीच या पुस्तकाची दृष्टी आहे. पुण्याहून मोटारीने पंढरपूरला जाऊन कुणी मंदिरावर कितीही सुंदर लिहिले असते तरी त्यातून वारी कळली नसती. आणि मोकाशींनी पायांचे दुखणे लिहिले म्हणून वारीची महती एका वारकऱ्याच्या मनातूनही उतरली नाही, उलट ज्यांनी वारी कधी केली नाही त्यांना ती या दुखण्यातूनच कळली. आम्हाला हे पुस्तक वाचताना सारखे वाटत राहिले की, हजची 'पालखी' मराठीत कुणी का लिहिली नाही? हजची माहिती सांगणारी, अर्कान आणि दुआ शिकवणारी पुस्तके आपल्याकडे मिळतात आणि ती हवीतच. पण त्यात हाजी असतो, माणूस नसतो.

आता कुणी म्हणेल, थकवा मांडणे ही आपली परंपरा नव्हे. तसे अजिबात नाही. आपल्या परंपरेतला सर्वांत मोठा मुसाफिर इब्न बतूता. १३२५ साली एकविशीतला हा तरुण तंजाहून एकटाच हजला निघाला. वाटेत ताप भरला, उतरून थांबायची सोय नव्हती, तेव्हा खोगिरावरून पडू नये म्हणून त्याने पगडीच्या कापडाने स्वतःला बांधून घेतले. काफिला ट्यूनिसला पोहोचला. गावातील लोक सामोरे आले, जो तो आपल्या ओळखीच्याला सलाम करू लागला, आणि याला मात्र कुणीच ओळखत नव्हते. त्याला रडू कोसळले. ते पाहून एका हाजीने जवळ येऊन त्याला सलाम केला, बोलते ठेवले. याच माणसाने पुढे दिल्लीच्या सुलतानाचे काझीपद भूषवले, आपल्या दौलताबाद आणि नंदुरबारवरून तो गेला, तेथील मराठ्यांविषयी त्याने लिहून ठेवले, मालदीव आणि चीनची वर्णने केली. जवळजवळ तीस वर्षांनी मोरोक्कोत बसून तो आपला प्रवास सांगू लागला तेव्हा सुलतान आणि दरबार तर त्याला आठवलेच, पण ट्यूनिसच्या वेशीवरचा तो एक सलामही आठवला. लांबच्या सफरीचा हाच न्याय आहे. मोठी दृश्ये एकमेकांत मिसळून जातात, थकलेल्या क्षणी मिळालेली लहानशी माया मात्र तशीच राहते.

उर्दूकडे वळलो तर आणखी आधार मिळतो. भोपाळच्या नवाब सिकंदर बेगम १८६३ साली मुंबईहून जहाजाने हजला गेल्या. त्यांच्या हजवृत्ताचे इंग्रजी भाषांतर १८७० साली छापले गेले. जिद्दाच्या जकातीवर सामान कसे उघडले गेले, कोणत्या वस्तूंवर किती त्रास झाला, याची त्यांनी स्पष्ट तक्रार केली आहे. त्या राज्यकर्त्या होत्या, आणि राज्यकर्त्याच्या नजरेने त्यांनी अव्यवस्था पाहिली. त्यांची तक्रार श्रद्धेच्या आड आली नाही. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर जंजिऱ्याच्या नाझली बेगम यांचे नाव घेतले पाहिजे. १९०८ साली त्यांनी युरोपचा प्रवास केला आणि 'सैर-ए-यूरोप' लिहिले. त्यांच्या भगिनी अतिया फैजी त्याआधी १९०६ साली शिक्षिका होण्याचे प्रशिक्षण घेण्यासाठी लंडनला गेल्या होत्या. तेथून त्या बहिणीला पत्रे लिहीत आणि ती लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वां' या स्त्रियांच्या पत्रात छापून येत. पुढे १९२१ साली त्यांचे 'जमाना-ए-तहसील' हे पुस्तक झाले. प्रकृतीच्या कारणाने अतियांना प्रशिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. मुरूडच्या जंजिऱ्याशी नाते असलेल्या या दोघी बहिणींचे लेखन आपल्या मराठी प्रवासवर्णनाच्या चर्चेत कितीदा येते, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा. येथे आम्हाला सांगायचे आहे ते या लेखनाच्या बैठकीबद्दल. ही पत्रे बहिणीला लिहिलेली आहेत. बहिणीला लिहिताना माणूस मिरवत नाही. आम्ही वर ज्याला स्वयंपाकघरातला सफरनामा म्हटले तो छापखान्यापर्यंत पोहोचल्याचा हा शंभर वर्षांपूर्वीचा दाखला आहे. अलीकडच्या काळात मुमताज मुफ्ती यांनी 'लब्बैक' (१९७५) मध्ये आपला गोंधळ, आपली अपात्रतेची भावना हजवृत्तात आणली तेव्हा त्यांच्यावर टीका झाली. पण पुस्तक आजही वाचले जाते.

मग आपल्याकडेच हे का घडले नाही? आमच्या मते याला दोन कारणे आहेत. एक अदब आणि दुसरी शरम.

अदबीचे कारण हजच्या बाबतीत लागू होते. अल्लाहच्या घरी बोलावणे आले, तिथे पाय दुखले असे कसे म्हणायचे? ती नाशुक्री ठरेल, असे आपल्या मनात खोल बसले आहे. ही भावना आम्ही हलकी मानत नाही, आमच्याही घरात ती आहे. पण दीन काय सांगतो तेही पाहावे. मुसाफिराला नमाज कसर करण्याची मुभा कुरआनने दिली आहे (सूरह निसा), रमजानचा रोजा पुढे नेण्याची सवलतही दिली आहे (सूरह बकरा). सफर हा यातनेचाच एक अंश आहे, तो माणसाची झोप आणि खाणेपिणे हिरावतो, म्हणून काम उरकताच घरी परतावे, अशा आशयाची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. म्हणजे ज्या दीनने हज फर्ज केला त्यानेच प्रवाशाचे थकणे मान्य केले, त्याची नोंद घेतली, त्यासाठी सूट दिली. शरियतने जे मानले ते आपल्या लेखणीने नाकारावे, याला अदब कसे म्हणायचे? हज हाच मुळी शरीराने करायचा फर्ज आहे. सफा आणि मरवाच्या सात फेऱ्या तीन किलोमीटरच्या घरात जातात, आणि ती धावपळ एका आईच्या तहानलेल्या बाळासाठीच्या धावपळीची आठवण आहे. ज्या इबादतीच्या गाभ्यातच एका आईची दमछाक आहे तिच्या वर्णनातून दमछाक गाळली की मागे चित्राचा कागद उरतो.

या संदर्भात जिद्दा विमानतळाच्या हज टर्मिनलचे उदाहरण द्यावेसे वाटते. १९८१ साली ते सुरू झाले. तंबूंसारख्या कापडी छताची ती रचना, त्यात एकूण २१० तंबू. ती उभारण्यात ढाक्याकडचे अभियंते फजलुर रहमान खान यांचा मोठा वाटा होता आणि १९८३ साली तिला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. रचनाकारांनी हे धरूनच चालले होते की, हाजी येथे काही तास, कधी कधी त्याहूनही अधिक काळ खोळंबणार. तो बसेल, आडवा होईल, नमाज पढेल, डबा उघडेल. म्हणून उंच सावली हवी आणि खेळता वारा हवा. वास्तुकारांना जे वाट पाहणे दिसले ते लेखकांना दिसले नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

आम्ही अम्मींना घेऊन उमऱ्याला गेलो तेव्हा हे सारे पुस्तकी विचार डोक्यात नव्हते. खेडहून दुपारी निघालो. चाकणला तळेगाव चौकात कंपन्या सुटण्याची वेळ गाठली आणि ट्रक-कंटेनरच्या रांगेत दीड तास गेला. त्या दीड तासात अम्मींनी तीनदा पासपोर्ट चाचपला. मुंबई ते जिद्दा हे विमानाचे अंतर पाच-साडेपाच तासांचे, पण घरच्या उंबऱ्यापासून हॉटेलच्या खाटेपर्यंत आम्हाला पुरती एक रात्र आणि वर अर्धा दिवस लागला. ज्यांच्यामार्फत गेलो त्यांची बस वेळेवर आली नाही. घड्याळ अडीच तास मागे करायचे होते, ते आम्ही केले. झोप मात्र कुणाचीच मागे गेली नाही. अम्मी फरशीवर चादर टाकून बसल्या. शेजारी कुठल्याशा आफ्रिकी देशातली एक वृद्ध बाई होती. तिने आपल्या पिशवीतून भाजलेले शेंगदाणे काढून अम्मींच्या ओंजळीत घातले. अम्मींनी घरच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी आणि चपाती पुढे केली. दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या, कारण दोघींकडेही शेंगदाणेच होते. आज अम्मी काबागृह पाहिल्याच्या क्षणाबद्दल काही बोलू शकत नाहीत, फक्त डोळे भरून येतात. पण त्या बाईचे शेंगदाणे त्या प्रत्येकाला सांगतात. पहिला अनुभव शब्दांपलीकडचा आहे, त्याला आमची हरकत नाही. दुसरा शब्दांत येणारा आहे, आणि लेखकाचे काम त्याच्याशी आहे. गंमत अशी की, दुसरा नीट सांगितला गेला की पहिल्याचाही थोडा अंदाज ऐकणाऱ्याला येतो.

दुसरे कारण शरमेचे, आणि ते आखाताच्या बाबतीत लागू होते. १९७३ नंतर तेलाचा पैसा वाढला आणि आपल्याकडून, विशेषतः रत्नागिरी आणि रायगडच्या मुस्लिम वस्त्यांतून, माणसांचा ओघ आखाताकडे लागला. त्याआधीच्या पिढ्या जहाजावर खलाशी म्हणून जात होत्याच. गेलेल्या माणसाने घरी काय पाठवले? पैसे, कंबल, टेपरेकॉर्डर, आणि आवाज भरलेल्या कॅसेट. त्या कॅसेटवर तो सर्वांची नावे घेऊन सलाम सांगे, खुशाली विचारी. स्वतःबद्दल एवढेच की, "मैं खैरियत से हूं." पहिल्यांदा विमानात बसताना पट्टा कसा लावायचा हे कळले नाही, उतरल्यावर न्यायला कुणी आले नाही, सुटीवर येताना सामानाच्या वजनावरून काय काय काढून टाकावे लागले, हे त्याने कुणाला सांगितले नाही. घरच्यांना तो साहेब होऊन परतलेला हवा होता. मल्याळममध्ये बेन्यामिन यांनी २००८ साली 'आडुजीवितम' लिहिले. त्यातला नजीब रियाधच्या विमानतळावर न्यायला येणाऱ्याची वाट पाहत उभा राहतो, आणि त्या वाट पाहण्यातूनच त्याचे सारे दुर्दैव सुरू होते. केरळने आपल्या परदेशी गेलेल्या माणसाचा थकवा साहित्यात आणला. कोकणातून तेवढ्याच ओढीने माणसे गेली, पण त्यांच्या कॅसेट माळ्यावर खराब होऊन गेल्या.

१९९० साली सोलापूरला फ. म. शहाजिंदे यांच्या अध्यक्षतेखाली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून या चळवळीने अस्मितेचे, दारिद्र्याचे, दंगलींच्या जखमांचे, स्त्रियांच्या हक्कांचे प्रश्न मराठीत आणले. ते काम मोठे आहे. त्या रेट्यात कविता आणि कथा पुढे आल्या, प्रवासवर्णन मागे राहिले. प्रवासवर्णन म्हणजे सुखवस्तू लोकांचा छंद, असा समज त्यामागे असावा. पण कर्ज काढून परदेशी जाणारा समाज जेव्हा प्रवासवर्णन लिहील तेव्हा तो छंद राहणार नाही.

एक आक्षेप येथे विचारात घेतला पाहिजे. थकवा लिहायचा म्हणजे कुरकुर लिहायची काय? जेवण बरे नव्हते, खोली लांब होती, अमक्याने फसवले, अशी यादी कुणाला वाचायची आहे? हा आक्षेप योग्य आहे. तक्रार आणि थकवा यांत फरक केला पाहिजे. तक्रारीत मी एकटा असतो आणि सगळे जग माझे देणे लागते. थकव्यात माझ्याबरोबर रांगेतले सगळेच असतात. तक्रार करणाऱ्याला शेजारच्या बाईचे शेंगदाणे दिसत नाहीत. चांगल्या सफरनाम्याची कसोटी म्हणून आम्ही एवढेच विचारू की, लेखक दमला तेव्हा त्याला कोण दिसले? गोडसे भटजींना दिसले, इब्न बतूताला दिसले, मोकाशींना दिसले. ज्याला कुणीच दिसले नाही त्याने खुशाल स्थळांची माहिती द्यावी, ती आता मोबाइलवर फुकट मिळते.

आता थोडे स्वतःबद्दल, कारण दुसऱ्यांना दोष देऊन आम्हाला सुटका करून घेता येणार नाही. आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत सहावीच्या मुलांना 'एक यादगार सफर' हा निबंध दिला होता. बहुतेकांनी गाइडमधला ताजमहाल लिहिला. एका मुलीने मात्र चाचांना हजसाठी सोडायला मुंबईला गेल्याचे लिहिले. खंडाळ्याच्या घाटात तिला तीनदा उलटी झाली, कुणीतरी लिंबू हुंगायला दिले, ती अम्मीच्या मांडीवर झोपली, आणि विमानतळावर तिला कुणी उठवलेच नाही, त्यामुळे चाचा गेले ते तिला दिसलेच नाहीत. परतीच्या वाटेवर ती पूर्ण जागी होती, पण बघायला काही नव्हते, असे शेवटी लिहिले होते. आम्ही उलटीच्या आणि लिंबाच्या ओळींवर लाल रेघ मारली, समासात 'गैर-जरूरी' असा शेरा दिला आणि मुंबई शहराविषयी पाच वाक्ये घालायला सांगितली. तिने घातली. निबंधाला दहापैकी आठ गुण मिळाले.

बी.एड.ला आम्हाला निबंधाचे मुद्दे शिकवले होते: प्रस्तावना, स्थळाचे वर्णन, महत्त्व, समारोप. त्यात झोपून गेलेल्या मुलीला जागा नव्हती. अम्मींबरोबरच्या त्या रात्रीनंतर आम्हाला तो निबंध आठवला. ती मुलगी आता मोठी झाली आहे, चाकणला एका कंपनीत कामाला जाते. एकदा बस स्टँडवर भेटली तेव्हा आम्ही वहीबद्दल विचारले. म्हणाली, "सर-मॅडम लोगों के पास ही जमा थी ना वो तो, रद्दी में गई होंगी." मग थांबून म्हणाली, "निंबू वाली बात याद है मेरेकू." लाल रेघेखालची ओळ तिच्या लक्षात राहिली. मुंबईची पाच वाक्ये तिला आठवत नव्हती, आम्हालाही नाहीत.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. मुंबईहून जिद्दाला जाणारी हजची जहाजे १९९५ साली बंद झाली. मुघल लाइनच्या 'मुहम्मदी', 'अकबरी', 'नूरजहान' या जहाजांवरून गेलेली माणसे आज ज्याच्या त्याच्या घरात सत्तरी-ऐंशी ओलांडून बसली आहेत. मुंबईच्या मुसाफिरखान्यातले दिवस, आठवडाभराचा समुद्र, लागलेली बोट, डेकवरची जमात, नाव आणि गाव रंगवलेल्या पत्र्याच्या पेट्या, हे सारे त्यांच्याबरोबर जाणार आहे. आमच्या नानी याच वाटेने गेल्या होत्या. त्यांची पेटी आमच्याकडे आहे, तिच्यात आता गोधड्या आहेत. सफर कसा झाला हे आम्ही त्यांना कधी विचारले नाही, आणि विचारले असते तर बैठकीतलेच उत्तर मिळाले असते, कारण आम्ही बैठकीतलाच प्रश्न विचारला असता.

प्रश्न बदलला पाहिजे. "सफर कैसा रहा?" याऐवजी "पांव कब दुखे? किसने पानी दिया?" असे विचारून पाहावे. जे ऐकाल ते जसेच्या तसे, आपल्या घरच्या बोलीत लिहून ठेवावे, छापण्याची घाई नको. आणि आमच्यासारख्या शिक्षकांनी काही दिवस लाल पेन बाजूला ठेवावे.